हात पोचेल तिथला मायक्रोवेव्ह

नवीन किचनसाठी मायक्रोवेव्ह बघायला लागलं की सगळे आधी लिटर विचारतात. वीस लिटर पुरेल का, अठ्ठावीसचा कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणारा घ्या, घरात माणसं किती, केक करता का. जळगावातल्या शोरूममधली पोरंही तिथूनच सुरुवात करतात, त्यांचं काही चुकत नाही, त्यांना तेच शिकवलेलं असतं. पण तो जमिनीपासून किती इंचावर बसणार, गरम वाडगा बाहेर काढताना काढणाऱ्याचे हात छातीच्या खाली असणार की डोक्याच्या वर, हे मला कुणी म्हणजे कुणीच विचारलं नाही. मला आता अगदी पक्कं वाटतं की पहिला प्रश्न तोच आहे, बाकी ग्रिल, ऑटो कुक, काळी काच की स्टीलची पट्टी, हे सगळं त्याच्या नंतर.

आमच्याकडे आत्तापर्यंत मायक्रोवेव्ह फ्रिजच्या वर होता. कितीतरी घरांत तो तिथेच असतो कारण ओट्यावर जागाच उरत नाही, गॅस, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, तेलाची किटली, मिसळणाचा डबा, आणि फ्रिजच्या मागे एक पॉवर पॉइंट आयता मिळतो. डबल डोअर फ्रिज पाच-साडेपाच फूट उंच, म्हणजे आतली काचेची थाळी माझ्याच कपाळाच्या रेषेत येते, तर सासूबाईंचं काय. त्यांना आम्ही सगळे आई म्हणतो. उंची चार फूट दहा इंच, वय पंचाहत्तरच्या पुढे, उजवा खांदा आखडलेला. माहेर अमळनेर तालुक्यातलं, आमच्याशी मराठी बोलतात पण आतलं काही बोलायचं असलं की अहिराणीच येते तोंडात. मायक्रोवेव्हकडे बघून त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "मन्हा हात तठे पोचस नही, माय." आम्ही सगळे दिवसभर बाहेर, पोरं क्लासला, दुपारी त्या एकट्याच जेवतात, आणि थंड झालेलं वरण कुठे परत गॅसवर ठेवू, कुठे ते पातेलं घासू म्हणून तसंच भाकरीवर घेतात. घरात दोन मिनिटांत वरण गरम करणारं मशीन आहे आणि ज्या माणसाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ते वापरता येत नाही, ही गोष्ट मला फार टोचायची.

आणि नुसता हात न पोचण्याचा विषय नाही. गरम पातळ पदार्थ डोक्याच्या उंचीवरून खाली घेणं हेच मुळात धोक्याचं. वाडगा चिनी मातीचा असेल तर तो स्वतःही तापलेला असतो, आतलं वरण काठाशी उकळतंय आणि मधोमध कोमट, हे बाहेरून कळत नाही. साध्या पाण्याचं तर अजून वेगळं आहे. गुळगुळीत काचेच्या ग्लासात पाणी मायक्रोवेव्हमध्ये जास्त वेळ ठेवलं तर कधीकधी ते शंभर डिग्रीच्या वर जाऊनही बुडबुडा येत नाही, शांत दिसतं, आणि चमचा किंवा चहाची पुडी टाकली की एकदम उसळून वर येतं. हे छातीच्या खाली झालं तर हात भाजेल, कपाळाच्या उंचीवर झालं तर तोंड.

तर ड्रॉवर मायक्रोवेव्ह मी पहिल्यांदा पाहिला तो नणंदेच्या घरचा, व्हिडिओ कॉलवर. ताई न्यू जर्सीत राहतात, आता ते लोक कायमचे परत येतायत, धुळ्यात प्लॉट घेऊन ठेवलाय त्यावर बांधकाम सुरू झालंय. त्यांच्या तिकडच्या किचनमध्ये ओट्याच्या बरोबर खाली, जिथे आपल्याकडे ताटांची ट्रॉली असते तिथे हा मायक्रोवेव्ह. दार नाहीच. बटण दाबलं की मोटर चालते आणि अख्खा ओव्हनचा डबाच चॅनेलवरून पुढे सरकतो, वरून उघडा. वाडगा वरून आत ठेवायचा, परत बटण, डबा आत. काढतानाही तसंच, वरून दोन हातांनी सरळ उचलायचा आणि लगेच वरच्या ओट्यावर ठेवायचा. खांदा उचलायचा प्रश्नच नाही. त्या दिवशी आई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी फोन हातात घेऊन जवळून बघितलं आणि विचारलं, "हाई काय शे?" ताईंनी परत परत उघडून दाखवलं.

मग मी रात्री बसून त्याबद्दल वाचायला लागले. मुळात मायक्रोवेव्ह ओव्हनचा जन्म रडारमधून झाला हे मला अर्धवट माहीत होतं. अमेरिकेत रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे इंजिनीअर होते, रडारसाठी लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीवर काम करताना १९४५ साली त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून पुढे सगळं घडलं. १९४७ मध्ये जे पहिलं मशीन विकायला आलं, रडारेंज नावाचं, ते जवळजवळ सहा फूट उंच आणि ३४० किलो वजनाचं होतं, हॉटेलांच्या मोठ्या किचनसाठी. घरच्या ओट्यावर बसेल असा अमाना कंपनीचा मायक्रोवेव्ह १९६७ मध्ये आला, ४९५ डॉलरला. मग अमेरिकेत तो गॅसच्या वर, चिमणीच्या जागी गेला. आणि शार्प कंपनीने हा ड्रॉवरवाला आणला तो थेट २००० नंतरच्या दशकात, आजही तिकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने विकले जाणारे बरेच ड्रॉवर शार्पच बनवते. म्हणजे आधी जमिनीवर उभं कपाट, मग ओट्यावर, मग डोक्यावर, आणि साठ वर्षांनी कुणालातरी वाटलं की हे कमरेच्या खाली असायला हवं. मला ते वाचून फार बरं वाटलं. कारण आईंचा निम्मा संसार चुलीपुढे पाटावर बसून झालेला आहे, भाकरी थापायची परात मांडीपाशी, तवा गुडघ्याच्या उंचीला, डाळीचं भांडं उतरवायचं तर ते शेजारी चुंबळीवर. आधण उकळत असलं तरी ते कधी तोंडासमोर नसायचं. जड आणि गरम वस्तू खालीच असायची, वर फळीवर फक्त लोणचं-पापडाचे डबे.

खान्देशात मायक्रोवेव्हची गरज काय असं विचारणारे नातेवाईक आहेत आमच्यात. माझं उत्तर मे महिना. पारा ४४-४५ वर गेलेला असतो, भुसावळ-जळगावची दुपार ज्याने काढली त्याला सांगायला नको, आणि गॅस पेटवला की पंखा बंद करावा लागतो, ज्योत हलते. वरण गरम करायला पाच मिनिटं गॅस, दुधाला पाच मिनिटं, खिचडीला पाच मिनिटं, एवढ्यात किचन तापून जातं आणि म्हातारं माणूस त्या घामात उभं राहतं. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता थेट पदार्थातल्या पाण्यात तयार होते, खोली जवळजवळ तापत नाही, पंखा चालू ठेवता येतो. मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

काय करायचं आणि काय नाही हेही सांगून टाकते कारण त्यावरूनच मशीन निवडायचं असतं. शेवभाजीचा रस्सा गरम करा, शेव मात्र नंतर टाका. शेंगदाणे छान भाजले जातात, मध्ये मध्ये हलवायचे. फुणके, डुबुकवड्यांची आमटी, वरण-बट्टीमधलं वरण, कढी, सगळं उत्तम. भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून अगदी थोडा वेळ, जास्त ठेवली की चिवट होते आणि गार झाल्यावर दगड. खापरावरच्या मांड्याला, म्हणजे आमच्या पातळ मोठ्या पुरणपोळीला, तर हातही लावू नका, तो ज्या दिवशी केला त्या दिवशी खायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उरला तर दुसऱ्या दिवशी दुधात भिजवून खायचा. आणि भरीत, भरीत नाही म्हणजे नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, एवढं मोठं हिरवं पांढरट वांगं, ते काट्याने टोचून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर मऊ नक्की होतं, पण ते शिजलेलं वांगं, भाजलेलं नाही. आत पाणी असेपर्यंत पदार्थ शंभर डिग्रीच्या फार पुढे जात नाही आणि साल करपून जो वास लागतो त्याला त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून लाकडी मुसळीने ठेचलेलं भरीत ज्यांनी शेतात खाल्लंय त्यांना हे पटवायची गरज नाही. तर आमचा वापर नव्वद टक्के गरम करण्याचाच, थोडं भाजण्याचं. कन्व्हेक्शन आम्हाला नको होतं, आणि ड्रॉवरमध्ये ते बहुतेक नसतंच, तिथे आमचं जुळत होतं.

ताई म्हणाल्या, "वहिनी, आम्ही सामान कंटेनरने पाठवतोच आहोत, हा ड्रॉवरच काढून पाठवते, आईला होईल." नवीन घ्यायचा म्हटलं तर तिकडे हजार डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे त्यांचं मन मोठंच. पण त्यांनी मशीनवरच्या पट्टीचा फोटो पाठवला आणि मी तो भाऊंना दाखवला. भाऊ म्हणजे माझे दीर, त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतले सबमर्सिबल पंप जळून आले की त्यांच्याकडेच येतात, वीज या विषयात मी त्यांचं ऐकते. पट्टीवर लिहिलेलं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे लाइनची वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा. भाऊ म्हणाले, "वहिनी, व्होल्टचं मी बघून घेईन, हर्ट्झचं कुणीच काही करू शकत नाही."

मला वाटत होतं की २३० चे १२० करणारा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. कितीतरी लोक तसं करतात, अमेरिकेहून आणलेला मिक्सर त्यावर चालवतात. भाऊंनी कागदावर मांडून दाखवलं. स्टेप डाउनने व्होल्टेज उतरतं पण आपली लाइन ५० हर्ट्झची ती ५० चीच राहते. मायक्रोवेव्हच्या पोटात लोखंडी कोअरचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो जो व्होल्टेज वाढवून मॅग्नेट्रॉनला देतो, आणि त्या कोअरमध्ये किती चुंबकत्व भरणार हे व्होल्ट भागिले हर्ट्झ यावर ठरतं. तिकडे १२० भागिले ६० म्हणजे २. इकडे १२० भागिले ५० म्हणजे २.४. वीस टक्के जास्त. कंपनीने लोखंड वाचवायला कोअर आधीच काठोकाठ वापरलेला असतो, त्यात हे वीस टक्के मावत नाही. भाऊंच्या भाषेत, पाटाला जेवढं पाणी झेपतं त्याच्यापेक्षा जास्त सोडलं की ते बांध फोडून भलतीकडे जातं, तसं इथे करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. मशीन पहिल्या दिवशी चालेलही, पण तापत राहील आणि एक दिवस जळेल, आणि जळेल तेव्हा आई एकट्या घरात असतील. जी घड्याळं लाइनच्या सायकल मोजून चालतात ती तर तासाला दहा मिनिटं मागे पडतात, ती गोष्ट त्यामानाने काहीच नाही. इन्व्हर्टर टेक्नॉलॉजीवाल्या, म्हणजे त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या मशीनचा हिशोब वेगळा असतो, पण पट्टीवर ५०/६० असं दोन्ही लिहिलेलं नसेल तर भाऊ हात लावायला तयार नव्हते. उघडून आतला ट्रान्सफॉर्मर बदलायचं मी विचारलं तर म्हणाले की पंपाची मोटर मी डोळे झाकून उघडतो, मायक्रोवेव्ह नाही, त्यात मॅग्नेट्रॉनला चार हजार व्होल्टच्या आसपास जातं आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ज्यांना वाटतं की घरच्या घरी स्क्रू काढून बघू, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

मग इथला, २३० व्होल्टचा ड्रॉवर मिळेल का. जळगावातल्या दुकानांत मला तो दिसला नाही, इथल्या बऱ्याच सेल्समन पोरांनी नावही पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं. मोठ्या शहरातून मागवता आला तरी माझा पुढचा प्रश्न, बिघडला तर बघायला कोण येणार. तीस किलोच्या पुढे वजनाचं मशीन फर्निचरमध्ये स्क्रूने बसवलेलं, ते काढून गाडीत घालून नेणं म्हणजे दोन माणसं आणि एक सुतार. आणि लाइट गेली असताना डबा हाताने उघडता येतो का, हे आधी विचारून घ्यायलाच हवं कारण आपल्याकडे ती जाते, आणि दीड किलोवॉट ओढणारं मशीन घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, आतलं जेवण आत.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मला घरात उभं राहून सुचली आणि ती मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसली नाही, कारण ती माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या घरात ओट्याखाली सिलिंडर नसतो. आपल्याकडे असतो. १४.२ किलोचा सिलिंडर गॅसच्या बरोबर खाली, कपाटात बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, खाली फरशीवर पसरतो, ट्रॉल्यांच्या खाली, कोपऱ्यात साचतो. आणि आपण नेमकं तिथेच, त्याच उंचीवर, मोटर आणि रिले, म्हणजे आतले विजेचे स्विच असलेलं मशीन बसवायला निघालोय, जे बटण दाबलं की आतल्या आत ठिणगी पाडू शकतं. म्हणून ज्यांना ड्रॉवर बसवायचाच आहे त्यांनी आधी सिलिंडर घराबाहेर काढावा, जाळीच्या कपाटात, आणि तांब्याची पाइप आत आणावी. नवीन बांधकामात हे काम सोपं असतं, ग्रॅनाइट बसल्यावर मात्र फार त्रासाचं. हे न करता ओट्याखाली कुठलंच विजेचं मशीन मी बसवणार नाही आणि कुणाला बसवू देणार नाही.

अजून एक. आपण किचन धुतो. सणाच्या आधी, कानबाईच्या, म्हणजे श्रावणातल्या आमच्या देवीच्या सणाच्या आधी तर बादल्यांनी पाणी ओतून. खाली झुरळं, पाली, हिवाळ्यात उंदीर. ओट्याखालच्या मशीनला या सगळ्याचा सामना करावा लागतो.

आणि पापड. ड्रॉवरमध्ये फिरणारी थाळी नसते, आणि काच खाली समोरच्या बाजूला, म्हणजे उभं राहिलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. उडदाचा पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात फुलतो पण त्या मिनिटात दहा सेकंद इकडेतिकडे झाले की एका बाजूला काळा डाग पडतो, तो डोळ्यासमोरच हवा. दूधही तसंच, वर येताना दिसलं पाहिजे. आतली उंची साधारण सात इंच, वाडगे, ताटल्या मावतात, उंच भांडं नाही. ताईंना हे चालतं, त्या तिकडे मुख्यतः उरलेलं जेवण आणि कॉफी गरम करतात.

तर मी मशीन बाजूला ठेवलं आणि उंचीकडे आले. जुना मायक्रोवेव्ह फ्रिजवरून खाली घेतला. आधी एका बुटक्या स्टुलावर ठेवला, ड्रॉवरचा तळ साधारण जिथे येईल त्या उंचीला. इथे एक हिशोब लक्षात आला, अमेरिकेतला ओटा ३६ इंचांचा असतो, आमच्या नवीन घरातला मी ३२ चा ठरवलाय कारण आईंना आणि मला तोच सोयीचा, ओटा कोपराच्या थोडा खाली हवा. म्हणजे ताईंकडे ड्रॉवर जिथे दिसत होता त्याच्या चार इंच खाली तो आमच्याकडे बसला असता. आईंनी काचेच्या वाडग्यात गार पाणी घेऊन ठेव-काढ केली, खांद्याला काही झालं नाही पण वाकावं लागलं, आणि भरलेला वाडगा वाकून उचलताना त्यांनी दुसरा हात भिंतीला टेकवला. मला ते आवडलं नाही. मग तोच मायक्रोवेव्ह डायनिंग टेबलवर ठेवला, तीस इंच. वाडगा आत, बाहेर, कोपर अंगाला चिकटलेले, पाठ सरळ, डोळ्यांनी आत दिसतंय. आई म्हणाल्या, "आठे बरं शे."

ठरलं. ओट्याच्या टोकाला उभं कपाट, त्यात बिल्ट-इन मायक्रोवेव्ह, आणि त्याचा तळ ओट्याच्या पातळीला, फार तर इंचभर वर, म्हणजे वाडगा उचलायचा कमी आणि बाजूला घ्यायचा जास्त. फर्निचरचे मिस्त्री सुरुवातीला तयार नव्हते, त्यांच्या मोबाइलमधल्या सगळ्या डिझाइनमध्ये खाली ओव्हन आणि त्याच्यावर मायक्रोवेव्ह, तळ साडेचार फुटांवर. तसं केलं तर वरची लाइन मॅच होते, दिसायला भारी दिसतं. मी त्यांना आईंना शेजारी उभं करून दाखवलं. त्यानंतर ते स्वतःच टेप घेऊन त्यांच्या कोपराची उंची मोजायला लागले, मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगते. जवळजवळ सगळ्या मायक्रोवेव्हचं दार डावीकडे बिजागरी आणि उजवीकडून उघडणारं असतं. म्हणून कपाट ओट्याच्या डाव्या टोकाला हवं, उजव्या हाताला लगेच मोकळा ओटा मिळतो. उजव्या टोकाला लावलं तर उघडलेलं दार तुमच्या आणि ओट्याच्या मध्ये येतं आणि गरम वाडगा हातात घेऊन दाराला वळसा घालावा लागतो. आमच्या नकाशात तिथे फ्रिज होता, फ्रिज पलीकडे गेला. बऱ्याच बिल्ट-इन मॉडेलना खण ५६ सेंटिमीटर रुंद आणि ३८ उंच लागतो, पण आधी मॉडेल ठरवा, मग त्याच्याच कागदावरचं माप मिस्त्रींना द्या, मागे हवेसाठी जागा सोडायची तेही त्यात लिहिलेलं असतं आणि ४५ डिग्रीच्या गावात ती जागा खाऊन टाकली तर मशीनच त्रास देईल. साधा ओट्यावरचा मायक्रोवेव्ह कपाटात कोंबून समोर फ्रेम ठोकायची नाही, ज्याला कंपनीची फ्रेम येते तोच घ्यायचा. सॉकेट १६ अँपिअरचं, नीट अर्थिंग असलेलं, आणि मशीनच्या बरोबर मागे नको, शेजारच्या कपाटात घ्या म्हणजे प्लग काढायला मशीन ओढावं लागत नाही. आणि आमच्याकडची सगळी भांडी स्टीलची, म्हणून खणाच्या खालीच एक ट्रॉली फक्त काचेच्या आणि चिनी मातीच्या वाडग्यांची केली, आईंना वेगळं लक्षात ठेवावं लागू नये की कुठलं चालतं.

आईंची एक शंका होती, किरणं लागतात का. मी त्यांना दारावरची बारीक छिद्रांची जाळी दाखवली. आतली लहर साधारण बारा सेंटिमीटर लांबीची आणि छिद्र मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, ती त्यातून बाहेर येऊ शकत नाही, आणि दार उघडल्याक्षणी मशीन बंद होतं, तशी स्विचेसच असतात आत. दार वाकलं, काच तडकली तर मात्र वापरायचं नाही. त्यांनी दोन-चारदा मध्येच दार उघडून ते खरंच थांबतं का ते बघितलं आणि मग त्यांची खात्री पटली. चालवायचं बटण मी एकच शिकवलंय, दाबलं की तीस सेकंद, परत दाबलं की अजून तीस.

ताईंचा ड्रॉवर त्या तिकडच्या घरासोबतच विकतायत. पण धुळ्याच्या घरात त्यांना ड्रॉवरच हवाय, सवय झालीय आणि त्यांचीही कंबर-खांदे आता तरुण नाहीत, मला ते पूर्ण मान्य आहे. त्यांचं आत्ता विटांचं काम चाललंय म्हणून मी त्यांना लिहून पाठवलं, सिलिंडरची जागा बाहेर करा आणि पाइप भिंतीतून आत्ताच काढून घ्या, ओटा आपल्या उंचीने ठरवा, गॅस आणि सिंक दोन्हीपासून लांब असा ओट्याखाली चोवीस इंचांचा एक खण सोडा, त्याच्या शेजारच्या खणात सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट टाकून ठेवा. इथल्या व्होल्टेजचं आणि इथे दुरुस्ती होणारं मशीन मिळेपर्यंत त्या खणात ताटांची ट्रॉली बसेल. भाऊ पुढच्या आठवड्यात पंपाच्या कामाने धुळ्याला जाणार आहेत, ते वायरिंगवाल्याला भेटून येतील.